ग्रामसभा आणि ग्रामपंचायतीची सभा
ग्रामसभा म्हणजे सरपंच आणि सदस्यांची बैठक आणि इतरांनी तेथे केवळ ऐकायला बसायचे, असा समज महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्रास आढळतो. वास्तविक १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने आणि ग्रामपंचायत अधिनियमाने गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य ठरते, तर ग्रामपंचायत ही त्या मतदारांनी निवडून दिलेली कार्यकारी संस्था असते. गृहनिर्माण संस्थेत सर्व सभासदांची सर्वसाधारण सभा आणि निवडलेली व्यवस्थापक समिती यांत जो फरक असतो, तोच येथेही आहे.

हा फरक रहिवाशांच्या पदरात काय पडते, याच्याशी थेट जोडलेला आहे. कारण घरकुलासारख्या वैयक्तिक लाभाच्या योजनांसाठी लाभार्थी निवडण्याचा अधिकार ग्रामसभेला असून, यादीचे वाचन होताना वगळलेल्या नावाबद्दल हरकत घेऊन ती इतिवृत्तात (सभेच्या कामकाजाच्या लेखी नोंदीत) लिहवून घेता येते. हजेरीच्या वहीत सही करून निघून जाणाऱ्याच्या हातून ही संधी निसटते, पण त्याची सही मात्र गणपूर्तीसाठी (सभा वैध ठरण्यास लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी) मोजली जाते, ही बाब खरोखर चिंतेची आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती पुरते. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे. सूचनाफलकावरील विषयपत्रिका आधी वाचून ग्रामस्थांनी सभा संपेपर्यंत थांबावे.