शेतकऱ्याचे परिचय-पृष्ठ : अनुयायी कसे वाढवावेत?

प्रात्यक्षिकाच्या शेतावर रस्त्याच्या कडेला पाटी लावण्याचा प्रघात जुना आहे. पीक, वाण, पेरणीची तारीख व शेतकऱ्याचे नाव एवढाच मजकूर तीवर असतो. परंतु तो वाचूनच बांधावर थांबावयाचे की पुढे जावयाचे, हे वाटसरू ठरवितो. आज अनेक शेतकरी आपले अनुभव मोबाइलवर चित्रित करून यूट्यूब व इन्स्टाग्राम या माध्यमांतून इतरांपुढे ठेवीत आहेत. तेथे पाटीचे काम प्रोफाइल, म्हणजे परिचय-पृष्ठ, करते. व्हिडिओ चांगला असूनही परिचय अपुरा असल्यास पाहणारा एकदा पाहून निघून जातो. तो कायमचा अनुयायी होत नाही. यास्तव पुढील बाबींकडे लक्ष पुरवावे.

विषयाची निवड

एका पृष्ठावर एकच मुख्य विषय असावा. द्राक्षबागायतदाराने खरड छाटणी, फळछाटणी, रोगनियंत्रण व खर्चाचा हिशेब यांवरच भर द्यावा. त्याच पृष्ठावर लग्नसमारंभ व विनोद आल्यास द्राक्षासाठी आलेला शेतकरी टिकत नाही. छाटणीविषयीचा व्हिडिओ छाटणीपूर्वी प्रसिद्ध व्हावा. हंगाम उलटल्यावर त्याचा उपयोग राहत नाही.

नाव

यूट्यूबवरील ओळखनाव ३ ते ३० अक्षरांचे असते. इन्स्टाग्रामवर ते रोमन अक्षरे, अंक, टिंब व अधोरेषा यांनीच लिहावे लागते. मात्र त्याखेरीज जे नाव दाखविले जाते, ते देवनागरीत लिहिता येते व शोध घेताना उपयोगी पडते. म्हणून त्यात पिकाचा उल्लेख अवश्य करावा. दोन्ही ठिकाणी एकच नाव ठेवावे व ते वारंवार बदलू नये.

परिचयाचा मजकूर

इन्स्टाग्रामवर परिचयासाठी १५० अक्षरांची, तर यूट्यूबवर १,००० अक्षरांची मर्यादा आहे. आपण कोण, कोठले, कोणते पीक घेता व नवा व्हिडिओ केव्हा येतो, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असावीत. "शेतीविषयी सर्व काही" या मजकुरातून काहीच बोध होत नाही. त्याऐवजी "द्राक्षबागायतदार, तालुका निफाड. काळी जमीन, ठिबक सिंचन. छाटणी ते विक्री, खर्चासह. दर रविवारी" असे लिहावे. जमीन व पाणी यांचा उल्लेख असल्यास हा अनुभव आपल्या शेताला लागू पडेल किंवा नाही, हे वाचणाऱ्यास ठरविता येते.

छायाचित्र व पहिले व्हिडिओ

परिचयाचे छायाचित्र मोबाइलवर लहान व गोल दिसते. यास्तव दिवसाच्या उजेडात काढलेला, चेहरा स्पष्ट दिसणारा एकट्याचा फोटो लावावा. यूट्यूबच्या माथ्यावरील चित्राच्या कडा मोबाइलवर कापल्या जातात. म्हणून त्यातील मजकूर मध्यभागी घ्यावा. इन्स्टाग्रामवर तीन व्हिडिओ सर्वांत वर कायम ठेवता येतात. तेथे आपले सर्वांत उपयुक्त तीन व्हिडिओ ठेवावेत. शीर्षकात पीक व अडचण यांचे शब्द आरंभी यावेत, कारण लांब शीर्षकाचा शेवट मोबाइलवर दिसत नाही.

विश्वास व जबाबदारी

अनुयायी वाढतात तशी जबाबदारीही वाढते. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. चुकीचे प्रमाण सांगणारा एक व्हिडिओ हजारो शेतांत पोहोचू शकतो, याचे भान ठेवावे. औषधाचे प्रमाण वेष्टनावरील सूचनेप्रमाणे व कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसारच सांगावे. शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विचारावे. एखाद्या कंपनीकडून मोबदला किंवा मोफत माल घेऊन शिफारस केली असल्यास तसे व्हिडिओमध्येच स्पष्ट सांगावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगितले आहे. आपला फसलेला प्रयोगही प्रामाणिकपणे दाखवावा. त्याने पत कमी होत नाही, वाढते.

टाळावयाच्या चुका

पैसे देऊन अनुयायी विकत घेऊ नयेत. दोन्ही माध्यमांच्या नियमांत त्यास मनाई आहे. शिवाय यूट्यूबवर जाहिरातींचे उत्पन्न सुरू होण्यासाठी १,००० सदस्य व त्यासोबत मागील बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ, अथवा ९० दिवसांत छोट्या व्हिडिओंची १ कोटी दर्शने लागतात. विकत घेतलेले अनुयायी व्हिडिओ पाहत नाहीत. त्यामुळे संख्या फुगते, पण उत्पन्न येत नाही.

खात्यास दुहेरी सुरक्षा लावावी व ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. तसेच एकाच माध्यमावर विसंबू नये. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा केवळ तेथेच असलेल्यांचा अनुयायीवर्ग एका दिवसात तुटला.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना सूचना

गावातील ज्या शेतकऱ्याचे असे पृष्ठ आहे, त्याचा परिचय त्यास न ओळखणाऱ्या दुसऱ्या गावच्या शेतकऱ्यास दाखवावा. हा मनुष्य कोण, त्याचे पीक कोणते व त्याच्याकडून मला काय शिकता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यास चटकन देता आली, तर पाटी योग्य जागी लागली असे समजावे. न आल्यास परिचयाचा मजकूर बदलून हीच कसोटी पुन्हा घ्यावी.