मोटर तीच, हुशारी गिअरची

शाळेत आम्ही मुलांना मूळ अमेरिकेतल्या व्हेक्स व्ही-५ या रोबो स्पर्धेविषयी सांगत होतो. मुलीला न्यायला आलेले तिचे अब्बा दारातूनच म्हणाले, "सर, जास्त ताकदीची मोटर लावली की जिंकलो! खर्च मी करतो."

आम्ही हसून म्हणालो, "भाई, नेमकी त्यालाच तर मनाई आहे."

या स्पर्धेत मोटर सर्व संघांना ठरवून दिलेलीच. तिच्यात बसवायच्या गिअरच्या डब्या तीन: लाल मिनिटाला १०० फेरे देते, हिरवी २००, निळी ६००. यांतली हवी ती निवडा. मोटरच्या आत दुसरा कोणताही बदल चालत नाही. सांगाड्याचे पत्रे मात्र कापा, वाकवा, भोके पाडा, मुभा आहे. सुरुवातीला रोबो लांबी, रुंदी, उंचीला १८ इंचांत मावला पाहिजे. तपासणीत पास झाल्याशिवाय मैदानात प्रवेश नाही.

मग हुशारी कुठे दाखवायची? गिअरमध्ये.

चार इंची चाक एका फेऱ्यात सुमारे ३२ सेंटिमीटर जाते. हिरव्या डबीवर १२ फुटांचे मैदान ओलांडायला साडेतीन सेकंद लागतात, निळीवर सव्वा सेकंदही पुरे. पण निळीचा जोर हिरवीच्या एक तृतीयांशच. समोरचा रोबो आडवा आला की मोटर अडते, तापते आणि आपोआप जोर कमी करते. म्हणून पुष्कळ संघ निळ्या डबीच्या मोटरवर ३६ दात्यांचे चक्र लावतात आणि चाकावर ६० दात्यांचे. मोटर पाच वेळा फिरली की चाक तीन वेळा फिरते. ६०० चे ३६० फेरे होतात, पण जोर दीडपटीहून अधिक वाढतो. वेग सोडला तेव्हा जोर मिळाला. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

हा सामानाचा संच स्वस्त नाही, हे खरे. तरी पैशाने जास्त ताकद विकत घेता येत नाही, हा नियम मोठा आहे. चोरून मोटर बदलून जिंकलेले मूल काय शिकणार? दाते मोजून हरलेले मूलही हिशेब शिकून घरी येते.

त्या मुलीने फळ्यावर ६०० गुणिले ३६ भागिले ६० करून दाखवले. अब्बा क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे पैसे नकोत, गणित हवं!"

घरी गिअरची सायकल असेल तर आज उलटी करून ठेवा. चाकाला खडूची खूण करा, पायडल एक फेरा फिरवा आणि मुलांना चाकाचे फेरे मोजू द्या. मग गिअर बदलून पुन्हा मोजा.