एकच डिझेल, दोन भाव

अमेरिकेत हमरस्त्यावरील पंपावर मालट्रकही डिझेल भरतो आणि सहलीला निघालेले मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घरही. सहलवाला बहुधा फलकावरचा भाव मोजतो. मोठी ट्रक कंपनी आधीच सौदा ठरवून कार्डावर सूट घेते. घाऊक-किरकोळीचा हा न्याय आमच्या व्यापारी बांधवांना नवा नाही. एकाच ट्रकाच्या मालकाला मात्र तेवढी सूट सहसा मिळत नाही, आणि आम्हांला खरी काळजी त्याचीच वाटते.

कराचा हिशेब आणखी निराळा. १९९३ साली ठरलेला केंद्राचा गॅलनमागे २४.४ सेंट कर दोघांना सारखाच. राज्याचा कर सहलवाला पंपावरच चुकता करतो. अनेक राज्यांतून धावणाऱ्या अवजड ट्रकाचा कर मात्र कोणत्या राज्यात किती मैल धावला यावर ठरतो. कमी कराच्या राज्यात टाकी भरली तरी फरक तिमाहीअखेर भरावाच लागतो.