मेंढीकोट ते ब्लॅकजॅक, व्हाया ढाणकी

पत्ते मोजून कॅसिनोला हरवायचं म्हणजे डोक्यात कॉम्प्युटर हवा, असं तुम्हालाही वाटतं? मलाही वाटायचं. दिवाळीला ढाणकीला मामाकडे गेले आणि हा समज पार उतरला.

झालं असं, की माझा मामेभाऊ पुण्यात आयटीत आहे. त्यानं '२१' हा २००८चा सिनेमा पाहिला, बोनसचे दोन लाख बाजूला काढले आणि जानेवारीचं गोव्याचं तिकीट बुक केलं. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर ब्लॅकजॅक खेळायचा प्लॅन! घरी अर्थातच 'मित्रांबरोबर ट्रिप'. मला मात्र त्यानं पार्टनर केलं, हातात स्टॉपवॉच देऊन.

फंडा सोपा आहे. दुर्री ते छक्की दिसली की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का उणे एक. बेरीज वर गेली, म्हणजे मोठी पानं अजून बाकी आहेत; तेव्हा पैसे जास्त लावायचे. पूर्ण कॅट मोजला की उत्तर शून्य यायलाच हवं. भाऊ दुसऱ्याच दिवशी ५२ पानं २८ सेकंदांत मोजायला लागला. कॉलर टाइट!

खरी गोची पुढे आहे. टेबलावर सहा-आठ कॅट एकत्र पिसलेले असतात, म्हणून बेरजेला उरलेल्या कॅटांनी भागायचं. बेरीज आठ आणि कॅट चार उरलेत, तर कामाचा आकडा फक्त दोन. किती कॅट उरलेत, ते नुसत्या नजरेनं ओळखायचं. शिवाय डीलरच्या उघड्या पानासमोर आपण पान घ्यायचं की थांबायचं, याचा अख्खा तक्ता पाठ हवा. तो चुकला की मोजणी पाण्यात. हे गणित एडवर्ड थॉर्प या गणितज्ञानं कॉम्प्युटरवर मांडून १९६२मध्ये 'बीट द डीलर'मध्ये छापलं. मग कॅसिनोवालेही शहाणे झाले. पानं सतत पिसत राहणारं मशिन असेल, त्या टेबलावर मोजणी बादच.

आणि हे सगळं गप्पा मारत, चेहऱ्यावर काही न दाखवता! मोजणारा ओळखू आला की पिट बॉस हसून म्हणतो, "सर, आता दुसरं काहीतरी खेळा." नुसतं डोक्यात मोजणं अमेरिकेत गुन्हा नाही, तरी नेवाडातले कॅसिनो बाहेरचा रस्ता दाखवू शकतात. (आपल्या महाराष्ट्रात प्रश्नच नाही. १९७६चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३मध्ये रद्दही झाला.)

ओसरीवर आम्ही टेस्ट घेतली. मामी चहा घेऊन आली, शेजारचे काका कापसाच्या भावावर सुरू झाले. भावाचं उत्तर आलं उणे पाच!

मग मी कॅल्क्युलेटर काढला. सगळं बिनचूक जमलं, तरी मोजणाऱ्याचा फायदा साधारण एक टक्का. सरासरी हजार रुपये लावून तासाला ६० डाव खेळले, तर तासाला ६०० रुपये. तीन दिवसांत २० तास खेळला तर बारा हजार. पण तेवढ्यात ४० हजार खाली किंवा वर जाणं अगदी नॉर्मल! म्हणजे सगळं बरोबर करूनही हरून परत येशील. तेव्हा रक्कम डबल न करता शांत बसता येईल? हे स्किल सिनेमात दिसत नाही, बॉस. तो काही बोलला नाही.

रात्री मामानं मेंढीकोट मांडला. त्यात जीव चार दश्श्यांत. मामाचं शिक्षण दहावी, पण कोणती दश्शी कुणाच्या हातात गेली आणि किती हुकूम उरलेत, हे तो विडा लावता लावता सांगतो. सातव्या हाताला त्यानं पोराला विचारलं, "काय रे इंजिनिअर, चौकटची दश्शी गेली का?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी पानांत डोकं घातलं.

"गेली... बहुतेक."

"बहुतेक?" मामा म्हणाला आणि चौकटची दश्शी त्याच्यासमोर टाकली.

तिकीट अजून कॅन्सल झालेलं नाही. मात्र परवा त्याचा फोन आला. बोनसचे दोन लाख एफडीत टाकलेत, गोव्याला वीस हजारच नेणार म्हणे.