तलासरीचा वकील, दिल्लीचा खासदार

मागच्या महिन्यात कासा येथे पालकसभा झाली. दहावीतली एक मुलगी म्हणाली, “मला वकील व्हायचंय.” तिचे अब्बा लगेच म्हणाले, “सर, वकिली म्हणजे खोट्याचा धंदा. आमच्या घरात नको.” आम्ही त्यांना शेजारच्या तालुक्यातले एक नाव सांगितले: ॲड. चिंतामण वनगा.

वनगा तलासरी तालुक्यातल्या आदिवासी घरातले. बी.ए., एलएल.बी. करून ते वकील झाले. आपल्या या पट्ट्यात एके काळी अंगठ्याच्या ठशावर वारल्यांच्या जमिनी गेल्या. वेठबिगारीविरुद्ध त्यांना १९४५ साली उठाव करावा लागला. त्याच मातीतला मुलगा कायदा शिकून उभा राहिला, ही लहान गोष्ट नव्हे.

१९९६ साली भारतीय जनता पक्षाच्या तिकिटावर ते डहाणूतून लोकसभेवर गेले. १९९८ साली हरले, १९९९ साली जिंकले, २००४ साली पुन्हा हरले. २००९ साली नव्या पालघर मतदारसंघातही पराभव झाला. पण त्याच वर्षी विक्रमगडमधून ते आमदार झाले. २०१४ साली तिसऱ्यांदा खासदार झाले. ३० जानेवारी २०१८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते खासदार होते.

त्यांच्या पक्षाशी आपल्यापैकी अनेकांचे पटणार नाही. मग आंबेतचे बॅरिस्टर अंतुले पाहा. पक्ष वेगळा, वाट तीच. कायदा शिकून ते राजकारणात आले आणि १९८० साली मुख्यमंत्री झाले.

राहिला खोट्याचा प्रश्न. मापात मारणारा दुकानदार असतो, म्हणून दुकानदारी हराम ठरत नाही. सातबारा, वारसाहक्क, मेहर, नफका यांचे कागद प्रत्येक घरात येतात. तेव्हा आपण परक्याच्या दारात बसतो आणि न वाचता सही करतो. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळू शकतो, हेही किती घरांत ठाऊक आहे?

बारावीनंतर पाच वर्षे, किंवा पदवीनंतर तीन वर्षे, प्रवेशासाठी सीईटी. वाट एवढीच आहे.

त्या अब्बांनी अजून होकार दिलेला नाही. पण परवा ते शाळेत आले आणि हळूच विचारून गेले, “सर, फी किती पडेल?”