हिरडीची हाक मिश्रीने दाबू नका

हडपसरच्या वस्त्यांमध्ये आरोग्याचा विषय निघाला की बायका हमखास विचारतात, "ताई, ब्रश केला की हिरडीतून रक्त येतं. मिश्री लावली की बंद होतं. मग मिश्रीच बरी ना?" रक्त कमी दिसतं, हे खरं असू शकतं. पण त्यामुळे आजार गेला, असं होत नाही.

आपल्या तोंडात 700 च्या आसपास प्रकारचे जंतू राहू शकतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. दात नीट घासले नाहीत की दात आणि हिरडीच्या सांध्यात चिकट थर साचतो आणि त्यात त्रास देणारे जंतू वाढतात.

हिरडीच्या पेशी मात्र गप्प बसत नाहीत. त्यांच्या अंगावर जंतू ओळखणाऱ्या खुणा असतात, त्यांना टोल रिसेप्टर म्हणतात. जंतूची चाहूल लागली की पेशी दोन कामं करतात. एक, डिफेन्सिन नावाची जंतूनाशक द्रव्यं सोडतात. दुसरं, रासायनिक निरोप धाडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. ही ताकद जन्मजात असते, तिला लस लागत नाही. पांढऱ्या पेशी याव्यात म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात. हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. म्हणजे रक्त हे लढाई चालू असल्याचं लक्षण आहे.

काही जंतू फार चलाख असतात. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू हा निरोपच दाबून टाकतो. मदत वेळेवर येत नाही आणि तेवढ्यात इतर जंतूही वाढतात. लढाई महिनोन्‌महिने चालली की आपल्याच पेशींच्या माऱ्यात दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. दात हलायला लागतात. यालाच आपण पायरिया म्हणतो.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून रक्त कमी दिसू शकतं. आत हाड झिजणं मात्र चालूच राहतं. तंबाखूमुळे पांढऱ्या पेशींचं काम बिघडतं, रोज घासून हिरडी दातापासून खाली सरकते, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो. गरोदर बाईने मिश्री लावली तर बाळाचं वजन कमी भरू शकतं.

सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते. 1965 साली डेन्मार्कमध्ये 12 निरोगी माणसांनी दात घासणं बंद केलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर बऱ्या झाल्या. झिजलेलं हाड मात्र आपोआप भरून येत नाही.

म्हणून रक्त आलं तरी ब्रश सोडू नका. मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेने हलक्या हाताने दोन वेळा घासा. रात्री झोपण्याआधी घासणं चुकवू नका. दातावर चढलेलं कीटण ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं लागतं. ससूनमध्ये दंत विभाग आहे. घरात कुणाला शुगर असेल तर हिरड्या आधी दाखवा. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात येत नाही. मिश्री सोडायची असेल तर 1800-11-2356 या मोफत नंबरवर फोन करा.