रणांगणातून रस्त्यावर

भोंगा वाजवीत धावणारी रुग्णवाहिका ही शांततेच्या काळातील नागरी सोय वाटते. पण तिचा जन्म रणांगणावर झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपीय सैन्यांची रुग्णालये आघाडीच्या बरीच मागे असत आणि जखमींना सहसा लढाई थांबल्यावरच उचलले जाई. तोवर अनेकजण रक्तस्रावाने दगावत. फ्रेंच लष्करातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे यांनी १७९२ मध्ये हे पाहिले. घोड्यांच्या बळावर झपाट्याने जागा बदलणाऱ्या तोफखान्यावरून त्यांना हलक्या घोडागाड्यांची कल्पना सुचली. त्यांच्या या ‘उडत्या रुग्णवाहिका’ लढाई चालू असतानाच जखमींना उचलून आणीत. हुद्दा न पाहता, ज्याची जखम गंभीर त्याच्यावर आधी उपचार, हा दंडकही लारे यांनी घालून दिला. पुढे १८६४ च्या जीनिव्हा कराराने फिरती लष्करी रुग्णालये व तेथील कर्मचारी तटस्थ मानले.

आजची आपत्कालीन सेवाही वेळेच्या याच हिशेबावर उभी आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका विनामूल्य येते आणि उपचार गाडीतच सुरू होतात. मात्र शहरात तिची वाट शत्रू नव्हे, आपलीच वाहने अडवितात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि दंडाची भीती रुग्णाला वाचवीत नाही. वेळीच बाजूला घेतलेली गाडी वाचविते.